जांगड घेतलेली गाडी

आमच्या घरमालकांनी मला फसवलं. गाडी विकताना फसवलं, माझ्या डोळ्यांत बघून फसवलं, आणि वर चहा पाजून फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत लोक अजून उलटंच बोलतात. बेगम बाजारात पस्तीस वर्षं भांड्यांचा धंदा केलेल्या माणसाने एका म्हाताऱ्याला गुंडाळलं आणि त्याची गाडी लाटली, असं त्यांचं म्हणणं. बोलू देत. फसलेल्या माणसाचं पोट सुटलेलं असेल आणि तो स्वतःच्या दुकानात गल्ल्यावर बसत असेल, तर त्याची बाजू कोणी ऐकत नाही.

घरमालक म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात त्यांचं काम एकच होतं: जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते शोधायचं. यंत्रं नंतर आली. काकांकडे हातभर लांबीचा एक लोखंडी गज होता, एका टोकाला पितळेची वाटी. गज रस्त्यावर टेकवायचा, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. खालून पाणी बोलतं म्हणे. अर्ध्या शहराचे रस्ते या माणसाने ऐकलेले. गल्लीतली मुसलमान बिऱ्हाडं त्यांना ‘लीकेज साब’ म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

निवृत्तीनंतर खात्याने त्यांना शाल दिली, गज मात्र ते न विचारता घरी घेऊन आले. मग गजाला काम पुरवणं भाग होतं. ते कलिंगडाला गज लावून आतलं ऐकायचे. कलिंगडवाला त्यांना लांबून पाहिलं की गाडा पुढे ढकलायचा. आमच्या फ्रिजला गज लावून त्यांनी सांगितलं होतं, ‘‘शेठ, हा दिवाळी पाहणार नाही.’’ फ्रिजने सहा दिवाळ्या पाहिल्या. प्रत्येक दिवाळीला काका फराळाला वर यायचे, फ्रिजकडे रागाने बघायचे आणि म्हणायचे, ‘‘जिद्दी आहे.’’

गळणारा नळ मात्र त्यांना सोसायचा नाही. एकदा काचीगुड्यात एका लग्नाला गेलो होतो. नवरा मुलगा कोण, मुलगी कोण याचा पत्ता नसताना काका थेट वधूपक्षाच्या खोलीत शिरले. बायका किंचाळल्या. काका आत हात धुण्याच्या बेसिनपाशी उभे राहून ओरडत होते, ‘‘पहिले नळ बंद करा, मग मला बाहेर काढा!’’

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘‘ठिपका खाली, गुन्हेगार वर.’’ ओल जिथे दिसते तिथे गळती कधीच नसते, वर बघा, असा त्याचा अर्थ. घराच्या भिंतींवर त्यांनी खडूने ओलीच्या डागांभोवती गोल काढून ठेवले होते आणि प्रत्येक गोलातून वर जाणारा बाण. आमच्या स्वयंपाकघरातल्या बाणावर बायकोने दिनदर्शिका टांगली, तर दुसऱ्या दिवशी दिनदर्शिकेवर बाण.

भाड्याचं ठरवायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तासभर घासाघीस केली. मी जे बोललो त्यातलं त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. ते माझ्याकडे पाठ करून भिंतीला गज लावून उभे होते. शेवटी म्हणाले, ‘‘तुमचा आवाज पाइपमधून वरपर्यंत जातो. असा माणूस वरच्या मजल्यावरच चांगला.’’ आणि मी सांगितलेल्या आकड्यावर हो म्हणाले. घरी आल्यावर वाटलं, अजून कमी सांगायला हवा होता.

काकू जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, मोठ्या कंपनीत. त्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा: ‘‘बाबा, किती दिवस एकटे राहणार? या इकडे.’’ काका फाटकाजवळ खुर्ची टाकून बोलायचे, आणि आयुष्य भर रस्त्यात काम करण्यात गेल्यामुळे मोठ्याने बोलायचे. वर आम्हाला शब्द न् शब्द कळायचा. दोन वर्षं त्यांचं उत्तर एकच होतं. ‘‘येतो ना. गाडी विकली की आलोच. गाडी अशी टाकून कसा येऊ?’’

हे वाक्य मी बाल्कनीत बसून दोन वर्षं ऐकलं. धंदेवाईक माणूस ऐकतो तसं ऐकलं. विकणाऱ्याला घाई आहे, इतकंच माझ्या कानात शिरलं. विकणाऱ्याला घाई असली की भाव खाली येतो. सोळाव्या वर्षी गावाहून येऊन डोक्यावर परातींचे गठ्ठे वाहिले तेव्हापासून मला हे एकच शास्त्र येतं.

गाडी म्हणजे अठरा वर्षांची, चार दारांची, पांढरी. काका ती फक्त रविवारी आबिड्सपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. आतली सीटवरची प्लास्टिकची कव्हरंसुद्धा काढलेली नव्हती. माझ्या बायकोचे गुडघे धरले होते. रिक्षात चढायला तिला त्रास व्हायचा. मी खाली गेलो.

‘‘काका, गाडी द्यायची म्हणता?’’

‘‘द्यायची आहे. पण एक थेंब गळतो. कुठून ते सापडत नाही.’’

‘‘तुम्हाला सापडत नाही?’’

‘‘लोखंड जुनं झालं की खोटं बोलतं, शेठ.’’

मी म्हटलं, मग जांगड देता का? जांगड म्हणजे आमच्या बाजारातली रीत. माल घेऊन जा, वापरून बघा. पसंत पडला तर पैसे द्या, नाही तर परत करा. सगळं शब्दावर. माझी त्यात एक स्वतःची पद्धत आहे. माल जांगड घेताना मी देणाऱ्याला तीन वेळा विचारतो, ‘आणखी काही दोष?’ तीन वेळा ‘नाही’ आलं आणि पुढे दोष निघाला, तर माल कितीही दिवसांनी परत जातो. या पद्धतीवर मी बाजारात भांडणं केली आहेत आणि जिंकली आहेत.

ही अट सांगून काकांना मी तीन वेळा विचारलं. दोनदा ते लगेच ‘नाही’ म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी बॉनेटला गज टेकवला, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, ‘‘नाही.’’

ठरलं असं की गाडी जांगड माझी, पण गळती सापडेपर्यंत उभी त्यांच्याच फाटकात. आणि शोध फक्त रविवारी. का? तर गळतीला सहा दिवस शांत ठेवलं की ती सातव्या दिवशी सरळ बोलते.

पहिल्या रविवारी त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली आणि आम्ही पायरीवर बसून थेंबाची वाट पाहिली. काकांचा नियम होता, एका रविवारी एकच संशयित. त्या दिवशी एसीचं पाणी. थेंब पडला, तपकिरी निघाला, एसी सुटला. दुसऱ्या रविवारी कूलंट. ते हिरवं असतं आणि गोडसर वास येतो. वास नव्हता, तरी त्यांनी दोन तास लावले. तिसऱ्या रविवारी ब्रेक ऑइल. ते रंग उडवतं, म्हणून एका जुन्या रंगवलेल्या डब्यावर त्यांनी थेंब ठेवला आणि आम्ही रंग उडायची वाट पाहत बसलो. ऊन माझ्या डोक्यावर, सावली त्यांच्या. चौथ्या रविवारी गिअर ऑइल. त्याचा वास उग्र असतो म्हणून त्यांनी माझ्या बायकोला खाली बोलावून कागद तिच्या नाकाशी धरला.

‘‘ताई, तुमचं नाक चांगलं. सांगा, लसणासारखं येतंय का?’’

‘‘काका, मी आत्ता फोडणी टाकून आलेय. मला सगळंच लसणासारखं येतंय.’’

‘‘मग पुढच्या आठवड्यात फोडणीच्या आधी या.’’

तपासलेले कागद ते फेकायचे नाहीत. प्रत्येकावर थेंबाभोवती गोल, वर बाण, आणि मग क्रमाने आमच्या कपडे वाळवायच्या दोरीवर. बायकोच्या साड्या एका टोकाला, तेलकट बातम्या दुसऱ्या टोकाला.

आणि प्रत्येक रविवारी शेवटी मी म्हणायचो, ‘‘काका, गळतीचा पत्ता नाही. भाव जरा खाली आणा.’’ आणि काका आणायचे! हसत हसत आणायचे. ‘‘बरोबर आहे तुमचं. करा कमी. पुढच्या रविवारी बघू.’’ मी आयुष्यभर भाव केला, पण इतक्या खुशीने उतरणारा माणूस पाहिला नव्हता. समोरचा कळवळला नाही तर घासाघिशीत मजा नसते. तो पहिला संशय.

पाचव्या रविवारी इंजिन ऑइलची पाळी होती. काकांनी अख्खं इंजिन डिझेलने धुतलं, पुसलं, वाळवलं, आणि माझ्या बायकोकडून रांगोळीची पूड मागून घेतली. ही त्यांची युक्ती खरोखर झकास होती. इंजिनवर सगळीकडे बारीक रांगोळी भुरभुरायची आणि गाडी सुरू ठेवायची. जिथून तेल पाझरतं तिथली रांगोळी आधी काळी पडते. बायको बाल्कनीतून बघत होती. म्हणाली, ‘‘दारात दोन बोटं काढायला होत नाहीत माझ्याकडून, आणि इथे किलोभर उधळताय!’’

काकांनी खाली भुरभुरली, बाजूंना भुरभुरली. इंजिनच्या वरच्या झाकणावर नाही.

‘‘वर राहिली, काका.’’

‘‘तिथे कशाला? तिथे काही नसतं.’’

मी त्यांच्याकडे बघितलं. ठिपका खाली, गुन्हेगार वर, असं म्हणत ज्याने माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाण काढून ठेवला होता, तो माणूस वर बघायला नको म्हणत होता. गिऱ्हाईक आपल्या थैलीवर एक हात जास्तच घट्ट ठेवून बोलायला लागलं, की थैलीत काय आहे ते मी ओळखतो.

मंगळवारी मी जब्बारभाईला गाठलं. जब्बारभाई काकांच्या गाडीचा जुना मिस्त्री. काका बँकेत गेल्याची संधी साधून मी त्याला फाटकात आणलं. बॉनेट उघडून त्याने वरच्या झाकणाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. काळं तेल.

‘‘पॅकिंग गया, सेठ. यहाँ से निकलता, पीछे से उतरता, नीचे टपकता. आधे घंटे का काम है.’’

‘‘साहेबांना माहीत आहे?’’

‘‘हौ! पिछली गर्मी में मैंच बोला था उनको. बोले, रहने दे जब्बार, अभी नक्को.’’

मी तिथेच तापलो. म्हणजे पाच रविवार मला उन्हात बसवून हा माणूस नाटक करत होता! पण मी धंद्याचा माणूस. राग आला तर तो कुठे खर्च करायचा ते मला कळतं. ठरवलं, आपणही गप्प बसायचं. त्यांना सापडत नाही म्हणू दे, मलाही सापडत नाही. दर रविवारी भाव खाली. ही फसवणूक नव्हे, मी फक्त बोललो नाही. बाजारात या दोन गोष्टींत फरक करतात.

पुढचे चार रविवार दोन शहाणी माणसं, एक सत्तरीपार आणि एक पन्नाशीपार, गाडीखाली सतरंजी टाकून पालथी पडून जे शोधत होती ते दोघांनाही माहीत होतं. काका खालून टॉर्च मारायचे आणि म्हणायचे, ‘‘इथे ओलं दिसतंय का बघा.’’ मी म्हणायचो, ‘‘छे! कोरडं ठाक.’’ ते म्हणायचे, ‘‘अजब आहे.’’ मी म्हणायचो, ‘‘फारच अजब.’’ मग इराणी हॉटेलातून आणलेली बिस्किटं आणि चहा. चहाबरोबर गोष्टी. अमक्या चौकात पाइप फुटला तेव्हा गज लावून त्यांनी जागा कशी सांगितली, खणल्यावर बरोबर तिथेच पाणी कसं उसळलं. काकू एकदा रागावून माहेरी निघाल्या, तर बंद दाराला गज लावून त्यांनी आत ट्रंक भरतायत की रिकामी करतायत ते कसं ओळखलं. मी म्हटलं, ‘‘मग काय करत होत्या?’’ म्हणाले, ‘‘ट्रंकेवर बसल्या होत्या. आवाजच नव्हता. तेव्हा घाबरलो.’’

खरं सांगतो, रविवारी माझं दुकान बंद असतं आणि घरी मला काय करायचं ते कळत नाही. त्या रविवारी कळायचं.

नवव्या रविवारी भाव इतका उतरला की मलाच लाज वाटली. ही गोष्ट माझ्या बाबतीत नवीन होती, आणि नवीन गोष्टीचा मला राग येतो. त्यात वरून बायको ओरडली, ‘‘गाडीत बसायला घेताय की खालून बघायला? माझे गुडघे थांबणारेत का तुमच्यासाठी?’’

मी सतरंजीवरून उठलो. ‘‘काका, पुरे! हे नाटक बास!’’ गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असेल. सरळ जाऊन जब्बारभाईला उठवून आणलं, पॅकिंगसकट. जब्बारभाईने बॉनेट वर केलं आणि पाना हातात घेऊन काकांकडे बघितलं.

‘‘साब, खोलूँ क्या?’’

काकांच्या हातात चहाचा कप होता. ते कपाकडे बघत राहिले.

‘‘साब?’’

‘‘खोल,’’ काका म्हणाले.

अर्ध्या तासात काम झालं. मी वर जाऊन पैसे आणले आणि काकांनी सगळ्यात आधी जो भाव सांगितला होता, तो पूर्ण त्यांच्या हातात ठेवला. एक रुपया कमी नाही. ‘‘हे घ्या. मला भाव पाडायला तुमच्या खोटेपणाची मेहेरबानी नको!’’

त्यांनी पैसे मोजले नाहीत. म्हणाले, ‘‘शेठ, आज तुम्ही हरलात.’’ आणि हसले. ते हसू मी रागात नीट बघितलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी सवयीने गाडीखाली कागद पसरला. संध्याकाळी उचलला. कोरा. उजेडाकडे धरून त्यांनी तो उलटसुलट पाहिला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या संध्याकाळी पुण्याचा फोन आला, तेव्हा खालून फक्त एवढंच ऐकू आलं: ‘‘हो. विकली.’’

आठ दिवसांत मुलगा आला. सामान बांधून झालं. खालच्या मजल्याला कुलूप लावून तो माझ्याशी हात मिळवायला वर आला. भला माणूस.

‘‘दादा, तुमचे उपकार आहेत. तुम्ही गाडी घेतलीत म्हणून बाबा निघाले. दोन वर्षं ऐकत नव्हते. याआधी दोन गिऱ्हाइकं मी पुण्यात बसून शोधून पाठवली होती. दोघंही तिसऱ्या रविवारी पळून गेली. बाबा म्हणायचे, गळती सापडल्याशिवाय गाडी विकणं म्हणजे फसवणूक. आणि गाडी विकल्याशिवाय मी येणार नाही. तुमच्याइतका चिकट माणूस भेटला नसता तर...’’

त्याने ‘चिकट’ कौतुकाने म्हटलं होतं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. बायकोने विचारलं.

खाली काका टॅक्सीत बसले होते. मी गेलो. म्हटलं, ‘‘तुम्ही मला सांगायला हवं होतं.’’ ते म्हणाले, ‘‘भाव केला असता तुम्ही.’’ टॅक्सी गेली.

त्यांचा गज मला चार दिवसांनी गाडीच्या डिकीत सापडला, स्टेपनीच्या खाली, जुन्या पंच्यात गुंडाळलेला. मी लगेच फोन केला. ‘‘काका, गज राहिला तुमचा.’’

‘‘राहिला नाही. गाडीवर दिलाय. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला वर काहीतरी द्यावं लागतं. इथे अकराव्या मजल्यावर कुठे लावू? खाली दहा घरं आहेत, सगळ्यांचे टीव्ही ऐकू येतात.’’

दोन वर्षं झाली. गाडीतून एक थेंब गळलेला नाही. बायकोला दवाखान्यात, देवळात, बहिणीकडे नेतो. ती प्लास्टिकची कव्हरं अजून काढू देत नाही. फोनवर काका पुण्याचं पाणी कसं आहे ते सांगतात. तिथला नळ गळत नाही म्हणून तक्रार करतात. मी विचारतो, ‘‘तब्येत?’’ ते म्हणतात, ‘‘जिद्दी आहे.’’

आता गल्लीतल्यांनी सांगावं कोणी कोणाला फसवलं. भाव करणाऱ्या माणसाला वस्तूची खरी किंमत सांगायची नाही, त्याला थेंबाच्या मागे लावायचं, आणि ज्या गोष्टीची किंमत त्याने कधीच पाडली नसती ती त्याच्याच हातून विकायला लावायची, याला काय म्हणतात? माझ्या स्वतःच्या चार रविवारांच्या गप्प बसण्याचा हिशेब मी देईन. पण आधी त्यांनी द्यावा.

काका, मी तीन वेळा विचारलं होतं. आणखी काही दोष? तिन्ही वेळा तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तिसऱ्या वेळी तर गज लावून. गाडीबरोबर तुम्हीही जाणार, हा दोष सांगितला नाहीत. दोष लपवून दिलेला माल जांगडच राहतो आणि कितीही दिवसांनी परत जातो, ही माझी अट तुम्हाला मान्य होती. तर मी माल परत करतोय. पुण्याला आणून देणार नाही. ज्याचा माल त्याने येऊन न्यायचा, हीसुद्धा बाजाराची रीत आहे. गाडी फाटकात उभी आहे, तोंड रस्त्याकडे. गज डिकीत आहे. खालच्या कुलपाची एक किल्ली मुलाने माझ्याकडे ठेवली आहे. रविवारी या, सकाळी, ऊन व्हायच्या आत. आणि माझ्यासमोर उभं राहून, बॉनेटला हात न लावता, चौथ्यांदा उत्तर द्या.